नेटवर्क कार्ड घेताना आधी चिप पाहा

बैठक रंगात आली असतानाच समोरच्याचा चेहरा पडद्यावर गोठतो, ग्राहकाला पाठविलेली फाइल अर्ध्यावर अडकते आणि घरातूनच कार्यालय चालविणाऱ्याचा पहिला राग इंटरनेट पुरवठादारावर निघतो. तो पुष्कळदा रास्तही असतो. काही वेळा मात्र दोष संगणकाच्या मागील बाजूस, केबल जेथे खोचली जाते त्या नेटवर्क कार्डात दडलेला असतो.

संगणकातील माहितीचे विद्युत संकेतांत रूपांतर करून ती केबलवाटे पाठविणे आणि येणारे संकेत वाचणे, हे या कार्डाचे काम. त्यामागील 'इथरनेट' तंत्र १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी विकसित केले. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचे मानक १९९५ मध्ये, तांब्याच्या साध्या केबलवरून १ गिगाबिटचे १९९९ मध्ये, तर १० गिगाबिटचे २००६ मध्ये निश्चित झाले. गंमत अशी, की अडीच गिगाबिटचे मानक त्यानंतर दहा वर्षांनी, २०१६ मध्ये आले. भिंतींत आधीच घातलेल्या 'कॅट ५ ई' केबल उपटून न काढता वेग वाढविण्याची ती सोय होती.

आजच्या बहुतेक मदरबोर्डवर नेटवर्कचे पोर्ट असतेच. मग वेगळे कार्ड कोणी घ्यावे? जुना संगणक १०० मेगाबिटवर अडकला असेल त्याने, घरातल्या घरात मोठ्या फाइली हलवाव्या लागतात त्याने, आणि ज्याचे पोर्ट पावसाळ्यात जळाले त्याने. ज्या इमारतींत फायबर घरापर्यंत न येता गच्चीवरील स्विचपासून तांब्याची केबल खाली सोडलेली असते, तेथे वीज कडाडली की पोर्ट निकामी होण्याची भीती असते. अशा वेळी संपूर्ण मदरबोर्ड बदलण्याऐवजी वेगळे कार्ड बसविणे स्वस्त पडते. फायबर काचेचा असल्याने त्यातून ही वीज येत नाही.

वेग किती हवा, हे गणिताने ठरवावे. आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट. त्यामुळे ५० गिगाबाइटचे चित्रीकरण दुसऱ्या संगणकावर नेण्यास १०० मेगाबिटच्या कार्डाला तासाहून अधिक, गिगाबिटला सुमारे सात मिनिटे, तर अडीच गिगाबिटला तीन मिनिटांहून कमी वेळ पुरतो. अर्थात हे कागदावर. प्रत्यक्षात वेग थोडा कमी मिळतो, आणि साधी फिरती हार्ड डिस्क अडीच गिगाबिटच्या कार्डाला बहुधा पुरी पडत नाही. इंटरनेट जोडणीच १०० किंवा २०० मेगाबिटची असेल, तर गिगाबिटच्या पुढे खर्च केल्याने संकेतस्थळे लवकर उघडणार नाहीत. १० गिगाबिटची कार्डे महाग असतात, तापतातही. चित्रीकरणाचे संपादन करणाऱ्यांखेरीज इतरांनी त्या वाटेला न गेलेले बरे.

विश्वासार्हतेचा प्रश्न मात्र वेगाने सुटत नाही. खोक्यावरील नाव कोणाचेही असो, काम करते ती चिप, आणि बाजारातील बहुतेक कार्डांवर ती रिअलटेक किंवा इंटेलची असते. गिगाबिटसाठी रिअलटेकची ८१११ किंवा इंटेलची आय२१०, अडीच गिगाबिटसाठी रिअलटेकची ८१२५ या परिचित चिप आहेत. नामांकित कंपनी म्हणून डोळे मिटून घेऊ नये, हे इंटेलच्याच आय२२५-व्ही या चिपने दाखविले. तिच्या पहिल्या आवृत्त्यांत अडीच गिगाबिटवर माहितीची गळती होत असे. २०२० मध्ये दोष उघड झाल्यावर सुधारित आवृत्ती काढावी लागली. जुना साठा स्वस्तात मिळाला तरी आवृत्ती विचारूनच घ्यावा. लॅमिंग्टन रोडवर असो वा ऑनलाइन, चिपचा क्रमांक न सांगणाऱ्या विक्रेत्याकडून कार्ड न घेणेच श्रेयस्कर.

त्यानंतर स्लॉट. जुन्या पीसीआय स्लॉटची क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट आणि तीही इतर कार्डांत वाटली जाणारी. त्यामुळे पीसीआय एक्स्प्रेसचेच कार्ड घ्यावे. कॅबिनेट अरुंद असेल, तर सोबत आखूड पट्टी मिळते का, तेही पाहावे. लॅपटॉपसाठी यूएसबी अॅडॉप्टर चालतो, पण यूएसबी २.० ची मर्यादा ४८० मेगाबिट असल्याने तेथे गिगाबिटचा पैसा वाया जातो. कार्ड बसविण्यापूर्वीच त्याचा ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावा. कारण जुने पोर्ट बंद पडलेले असेल, तर नंतर तो आणायचा कशावरून?

नवे कार्ड लावूनही संगणक १०० मेगाबिटच दाखवीत असेल, तर दुकानदाराशी भांडण्याआधी केबल बदलून पाहावी. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार तुटली, की वेग मुकाट्याने खाली येतो आणि संशय नव्या कार्डावर जातो. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलही बाजारात आहेत, त्या टाळाव्यात. वेग पूर्ण दिसतो पण संपर्क अधूनमधून तुटतो, अशी तक्रार असेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वीज वाचविण्यासाठी कार्ड बंद करण्याची मुभा काढून घ्यावी. त्यानंतर राऊटरचे पोर्ट बदलून एक दिवस पाहावे आणि तरीही फरक न पडल्यास, हमीची मुदत संपण्यापूर्वी बिलासह कार्ड परत करावे.