हिवाळ्याचे पाहुणे

नोव्हेंबर उजाडला की कॅनडातून आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतून एक स्थलांतर सुरू होते. नळ थंडीने फुटू नयेत म्हणून त्यांतले पाणी काढून टाकायचे, घराची किल्ली शेजाऱ्याच्या हाती द्यायची आणि मोटारघरात बसून दक्षिणेची वाट धरायची, असा हजारो वृद्ध जोडप्यांचा वर्षानुवर्षांचा नेम आहे. मोटारघर म्हणजे बसएवढी मोठी गाडी. तिच्यातच बिछाना, शेगडी, शीतकपाट, न्हाणीघर आणि पाण्याची टाकी. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, तसे यांचे चाकांवर. ही मंडळी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर येऊन थांबतात. कोणी सोनोरा राज्यातल्या किनो उपसागराकाठी, कोणी नायारितमधल्या ग्वायाबितोसला, तर कोणी बाहा कॅलिफोर्नियाच्या द्वीपकल्पात मुलेहे गावाच्या दक्षिणेला कॉन्सेप्सियोन उपसागराच्या वाळूवर. मार्च-एप्रिल आला की पुन्हा उत्तरेकडे. त्याच महिन्यांत द्वीपकल्पाच्या पश्चिम बाजूच्या खाड्यांत उत्तर ध्रुवाकडचे करडे देवमासे विणीसाठी आलेले असतात. त्यांचाही परतीचा काळ साधारण हाच.

या प्रवाशांना इंग्रजीत ‘स्नोबर्ड’, म्हणजे हिमपक्षी, म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत हा शब्द मानाचा नव्हता. हिवाळ्यापुरते अन्न आणि निवारा मिळावा म्हणून सैन्यात नाव नोंदवायचे आणि वसंत ऋतू आला की पळून जायचे, अशा शिपायांना तो लावीत. पुढे थंडीत दक्षिणेकडे कामासाठी जाणाऱ्या मजुरांना तो चिकटला, आणि अखेर सुखवस्तू वृद्धांना. भुकेला मजूर ते पेन्शनर म्हातारा हा त्या शब्दाचा प्रवास म्हणजे एका शतकाचा सामाजिक इतिहासच आहे.

त्यातली पहिली पायरी पेन्शनची. म्हातारपण म्हणजे काम करता करता मरणे, नाहीतर मुलांच्या दारी बसणे, हीच तोपर्यंत बहुतेकांची गत होती. १४ ऑगस्ट १९३५ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. ३१ जानेवारी १९४० रोजी व्हर्मांट राज्यातल्या आयडा मे फुलर या बाईंना दरमहा निवृत्तिवेतनाचा पहिला धनादेश निघाला. रक्कम होती २२ डॉलर ५४ सेंट. बाई शंभर वर्षे जगल्या. कॅनडात वृद्धांना सरसकट निवृत्तिवेतन देणारा कायदा १९५२ साली अमलात आला. रक्कम मोठी नव्हती, पण ती कुठेही बसून खाता येई. घरी राहण्याची सक्ती संपली, आणि ‘आता कुठे जाऊ?’ हा प्रश्न माणसाला म्हातारपणी पहिल्यांदाच आनंदाने विचारता आला.

दुसरी पायरी वाहनाची. वॉली बायम नावाच्या अमेरिकन कारखानदाराने १९३६ साली ॲल्युमिनियमचा चकचकीत ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ हा गाडीमागे जोडायचा ट्रेलर बाजारात आणला. डिसेंबर १९५१ मध्ये त्याने ग्राहकांना जमवून टेक्ससहून मेक्सिकोमार्गे मध्य अमेरिकेकडे एक काफिलाच नेला. निघाले त्रेसष्ट ट्रेलर, पण निकाराग्वाला पोहोचले त्यांतले एक चतुर्थांशही नव्हते. चिखल, नद्या, मोडलेले आस यांनी बाकीच्यांना मागे फिरवले. तरीही काफिल्यांची ही हौस तिथून वाढतच गेली. १९६६ साली आयोवातल्या फॉरेस्ट सिटी या लहानशा गावी विनेबॅगो कंपनीने मोटारघरे बनवायला सुरुवात केली, आणि श्रीमंतांची चैन मध्यमवर्गीय पेन्शनरांच्या आवाक्यात आली.

तिसरी पायरी रस्त्याची. लारेडोपासून मेक्सिको शहरापर्यंतचा हमरस्ता १९३६ सालीच खुला झाला होता, पण बाहा कॅलिफोर्निया दुर्गमच राहिला. १९४० च्या वसंतात जॉन स्टाइनबेक आणि त्याचा जीवशास्त्रज्ञ मित्र एड रिकेट्स या किनाऱ्याचे सागरी जीव गोळा करायला आले, ते मासेमारीच्या बोटीने. पेरी मेसनच्या रहस्यकथांचा लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर याला या वाळवंटाचे वेड होते. त्याने त्यावर पुस्तके लिहिली, पण हिंडावे लागले ते खास बांधलेल्या गाड्यांतून आणि हेलिकॉप्टरमधून. अखेर डिसेंबर १९७३ मध्ये अध्यक्ष लुईस एचेवेरिया यांच्या हस्ते तिहुआनापासून काबो सान लुकासपर्यंतच्या, सुमारे १,७०० किलोमीटरच्या रस्त्याचे उद्घाटन झाले. दैवाचा खेळ असा की नेमक्या त्याच हिवाळ्यात तेलटंचाईमुळे अमेरिकेत पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या होत्या. तरीही मोटारघरे आलीच. जिथे पूर्वी मचव्याशिवाय पोहोचता येत नव्हते, त्या वाळूवर आता सपाता घातलेले आजोबा खुर्ची टाकून बसू लागले.

पेन्शन, वाहन आणि रस्ता एवढ्यावर हा इतिहास संपला असता, तर ती केवळ सुबत्तेची कहाणी झाली असती. या वास्तव्याला त्याचे रूप दिले ते चौथ्या गोष्टीने, आणि ती म्हणजे जमिनीचा कायदा.

मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेतले सत्ताविसावे कलम असे सांगते की सरहद्दीपासून १०० किलोमीटर आणि समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटर पट्ट्यातल्या जमिनीची थेट मालकी परकीयाला मिळणार नाही. बाहेरच्याला हा आकस वाटेल, पण त्यामागे एका राष्ट्राने सोसलेला अनुभव आहे. १८२० नंतरच्या दशकात मेक्सिकोने ओसाड टेक्ससमध्ये अमेरिकन वसाहतकऱ्यांना स्वतः होऊन जमिनी दिल्या. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, तसे झाले. थोड्याच वर्षांत पाहुणे संख्येने यजमानांहून जास्त झाले. १८३० साली मेक्सिकोने अमेरिकनांच्या वसाहतीला बंदी घातली, पण उशीर झाला होता. १८३६ मध्ये टेक्सस फुटून निघाला. पुढच्या युद्धानंतर २ फेब्रुवारी १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा उत्तरेकडचा प्रचंड मुलूख, कॅलिफोर्नियासकट, अमेरिकेच्या घशात गेला. एवढ्यावरही भागले नाही. नोव्हेंबर १८५३ मध्ये विल्यम वॉकर नावाचा अमेरिकन साहसी पुरुष मूठभर हत्यारबंद लोक घेऊन याच द्वीपकल्पातल्या ला पाझ गावी उतरला आणि त्याने स्वतःला एका नव्या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष म्हणवून घेतले. काही महिन्यांतच त्याला पळावे लागले. पण किनाऱ्यावर उतरणारा परका कोण म्हणून येतो, हा प्रश्न मेक्सिकोच्या मनात कायमचा राहिला.

याच कलमाने मोठमोठ्या जमीनदारांच्या जमिनी गावांना वाटून देण्याचा पाया घातला. गावाच्या सामाईक ताब्यातल्या अशा जमिनीला ‘एहिदो’ म्हणतात. क्रांतीनंतरच्या त्या कृषिजीवनाशी आपल्या वर्ध्याच्या एका माणसाचे नाव जोडलेले आहे. गदर चळवळीतले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२० नंतरच्या दशकात मेक्सिकोला पोहोचले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले, मका आणि गहू यांच्या वाणांवर त्यांनी काम केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. दिएगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. त्यांनाही मायदेश बंद झाला होता, परक्याच्या भूमीत राहावे लागले होते. त्यांनी तिथे जमीन मागितली नाही. तिच्यात काय पिकेल ते शोधून दिले. पाहुण्याने कसे राहावे याचा हाही एक दाखला आहे.

आता वाळूवर परत येऊ. मेक्सिकोच्या कायद्याने पुळण सर्वांची आहे, आणि तिला लागून असलेली २० मीटर रुंदीची पट्टी केंद्र सरकारची. तेव्हा मोटारघरवाला इथे मालक होऊ शकत नाही. गावातला कोणी संध्याकाळी येऊन रात्रीचे भाडे घेऊन जातो, तेवढाच त्याचा हक्क. कॉन्सेप्सियोनच्या पुळणींवर झावळ्यांनी शाकारलेल्या मांडवांखाली, ज्यांना तिथे ‘पालापा’ म्हणतात, दिवस काढायचा. विजेच्या तारा नाहीत, नळ नाही. छतावरच्या सौरपाट्यांवर दिवे लावायचे, टाकीतले पाणी पुरवून पुरवून वापरायचे. मासे, भाजी, तामाले आणि पिण्याचे पाणी घेऊन गावकरीच दारी येतात.

अशा ठिकाणी कुंपण घालता येत नाही, आणि कुंपण नसले की शेजार फार लवकर जमतो. पंप बिघडला तर अल्बर्टाचा निवृत्त मिस्त्री ओरेगॉनच्या मास्तरांच्या गाडीखाली शिरतो. एकाला मोठा मासा मिळाला तर संध्याकाळी दहा घरची ताटे एका चुलीभोवती येतात. मुलेबाळे हजारो मैलांवर असतात. दुखलेखुपले तर पहिली हाक ऐकू जाते ती शेजारच्या गाडीत. दरवर्षी तीच माणसे साधारण त्याच जागी येतात. म्हणूनच नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत एखादी जागा रिकामी राहिली की कोणी फारसे विचारीत नाही. काय झाले असेल, ते सगळ्यांना कळते. वसंतात निरोप घेताना या वयाची माणसे ‘पुढच्या वर्षी भेटू’ असे म्हणतात, तेव्हा त्या शब्दांना तरुणांच्या तोंडी नसलेले वजन असते.

या मुक्कामाची मुदतही कागदांनी बांधलेली आहे. मेक्सिको पाहुण्याला फार तर १८० दिवस राहू देतो. कॅनडाच्या ओंटारियो प्रांताचा आरोग्यविमा टिकवायचा तर बारा महिन्यांत २१२ दिवसांहून जास्त प्रांताबाहेर राहता येत नाही. अमेरिकेचा वृद्धांसाठीचा सरकारी विमा देशाबाहेरच्या उपचारांना सहसा लागूच होत नाही. म्हणजे पक्ष्यांना ऋतू परत बोलावतो, यांना विम्याचा कागद. एके वर्षी डॉक्टर नको म्हणतो, किंवा विमा कंपनी हप्ता न परवडेल इतका वाढवते, आणि मोटारघर विक्रीला निघते.

पण या सरहद्दीवरून ऋतूप्रमाणे ये-जा करणारे केवळ हेच नव्हेत. १९४२ पासून १९६४ पर्यंत अमेरिकेने ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकोचे शेतमजूर हंगामी कामासाठी नेले. त्यांच्याशी ४० लाखांहून अधिक करार झाले. हंगाम संपला की परत जा, हीच अट. १९५४ साली तर परवान्याशिवाय राहिलेल्यांना धरून मोठ्या संख्येने सरहद्दीपार घालवण्यात आले. म्हणजे ज्या वर्षांत उत्तरेचे ट्रेलर विश्रांतीसाठी दक्षिणेकडे येऊ लागले, त्याच वर्षांत दक्षिणेचे हात भाजीपाला तोडायला उत्तरेकडे जात होते. एकाला सरहद्दीवर हसून हात दाखवला जाई, दुसऱ्याच्या अंगावर औषधाची पूड फवारली जाई. किनाऱ्यावर मासे विकायला येणाऱ्या म्हाताऱ्याने तरुणपणी कॅलिफोर्नियाच्या शेतात पाठ वाकवली असेल, हे खुर्चीत बसलेल्याने विसरू नये. ज्यांच्या हे ध्यानात असते ते स्पॅनिश शिकतात, गावच्या शाळेला मदत करतात. ज्यांच्या नसते त्यांची मैत्री आपल्याच गाड्यांच्या रांगेत संपते.

१९७३ च्या कायद्याने बँकेच्या नावे विश्वस्तनिधी करून परकीयाला किनाऱ्याची घरे उपभोगता येऊ लागली. १९९२ च्या घटनादुरुस्तीने एहिदोची जमीन खाजगी होऊन विकली जाण्याची वाट मोकळी केली. सरकारी योजनेतून कान्कून उभे राहिले, मग लोस काबोस. हॉटेलांनी गावांना रोजगार दिला, हे नाकारता येत नाही. पण जिथे घराला भिंत आणि भिंतीला पहारेकरी आला, तिथे दहा घरची ताटे एका चुलीभोवती येईनाशी झाली. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे अमेरिका आणि कॅनडा यांच्यातली जमिनीवरची सरहद्द पर्यटकांना बंद झाली. अमेरिकेच्या बाजूने ती ८ नोव्हेंबर २०२१ रोजी उघडली. मधल्या हिवाळ्यात कॅनडाची मोटारघरे आपल्याच अंगणात बर्फाखाली उभी राहिली. पाहुणेपण किती नाजूक असते, ते त्या वर्षी दिसले.

म्हातारपणी माणसाला स्वतःचे छप्पर असावे, असे सगळेच मानतात. मेक्सिकोच्या या पुळणींचा इतिहास त्याला एक पुरवणी जोडतो. इतिहासाने पोळलेल्या एका राष्ट्राने परक्याला मालकी नाकारली, आणि त्या नकारातूनच या वृद्धांना शेजार लाभला. जमीन आपली नाही, ऋतू आपला नाही आणि पुढचे वर्षही आपले नाही, हे ठाऊक असल्यामुळेच ती माणसे एकमेकांची झाली. भाड्याचे पैसे घ्यायला येणाऱ्या गावकऱ्याला जोवर ते खुर्ची पुढे करतात, तोवर तो किनारा त्यांना दरवर्षी बोलावीत राहील.