झिजलेला बूट आणि फ्रीजरमधल्या बाटल्या

मंडळी, १९९४ चा सप्टेंबर आपल्यातल्या जुन्या लोकांना नक्की आठवत असेल. सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आल्याची बातमी आली, लाखो माणसे शहर सोडून पळाली आणि कित्येक देशांनी भारताची विमाने बंद केली. अमेरिकेने ती बंद केली नाहीत. भारतातून उतरणाऱ्या प्रवाशांना सूचनापत्रके दिली, डॉक्टरांना सावध केले, ताप-खोकला असलेल्यांना तपासले. महिनाभरात १३ संशयित सापडले आणि त्यातल्या एकालाही प्लेग नव्हता. अशा वेळी डोके शांत ठेवून काय करायचे हे ठाऊक असलेली माणसे अटलांटाच्या सीडीसीमध्ये होती. ती घडवण्याची पद्धत तोवर ४३ वर्षांची झाली होती.

तिची सुरुवात भीतीतून झाली. १९५१ साली कोरियाचे युद्ध चालू होते आणि शत्रू रोगजंतूंचा हल्ला करील अशी धास्ती होती. सीडीसीचे मुख्य साथरोगतज्ज्ञ अलेक्झांडर लँगम्यूर यांनी ही संधी अचूक साधली. हल्ला होवो न होवो, साथी तर रोजच येतात, त्यांच्यावर तरुण डॉक्टर तयार करू, असा त्यांचा हिशेब होता. यातून 'एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस' म्हणजे ईआयएस उभी राहिली. मुदत दोन वर्षांची. त्यात वर्गातले शिक्षण जेमतेम काही आठवड्यांचे आणि बाकी सगळे साथीच्या गावात. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे लँगम्यूर यांना आपल्या आजोबांइतकेच पक्के ठाऊक असावे! फोन आला की बॅग उचलून निघायचे. (आमच्या आयटीत रात्री-अपरात्री सपोर्टचा फोन घेणाऱ्यांना यातले दुःख कळेल.) या मंडळींच्या बोधचिन्हात तळव्याला भोक पडलेला बूट आहे, दारोदार फिरून विचारपूस करणाऱ्याचा बूट.

पण नुसता बूट झिजवून भागत नाही, हे १९७६ साली फिलाडेल्फियात कळले. जुलैमध्ये बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन झाले. घरी परतलेली माणसे न्यूमोनियाने आजारी पडू लागली. एकूण २२१ जण आजारी पडले आणि ३४ दगावले. ईआयएसचे अधिकारी राज्यभर पांगले. कोण कुठल्या खोलीत उतरले, काय खाल्ले, कुठले पाणी प्याले, लॉबीत किती वेळ काढला, सगळे विचारून झाले. रोग माणसाकडून माणसाला होत नाही, हॉटेलच्या लॉबीशी आणि बाहेरच्या फुटपाथशी त्याचा काही संबंध आहे, इथवर त्यांनी आणून सोडले. रोगाचे कारण मात्र सापडेना. विषारी धातू झाले, विषाणू झाले, सगळ्या चाचण्या कोऱ्या. वर्तमानपत्रांनी सीडीसीला धारेवर धरले आणि नोव्हेंबरात हॉटेलही बंद पडले.

सीडीसीच्या प्रयोगशाळेत जोसेफ मॅकडेड नावाचे शास्त्रज्ञ होते. उन्हाळ्यात त्यांना गिनीपिगच्या स्लाइडवर काडीसारखे थोडे जंतू दिसले होते, पण ते बाहेरून आले असतील म्हणून सोडून दिले गेले होते. नाताळच्या सुट्टीत सगळे घरी असताना त्यांनी त्याच स्लाइड पुन्हा काढल्या. ते जंतू वाढवले आणि बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तद्रवाशी ताडून पाहिले. जुळले! जानेवारी १९७७ मध्ये 'लीजनेअर्स' रोगाचा जंतू जाहीर झाला. मला यापेक्षाही पुढची गोष्ट थोर वाटते. १९६५ साली वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयात आणि १९६८ साली मिशिगनमधल्या पाँटिॲक इथे अशाच न उलगडलेल्या साथी आल्या होत्या. तेव्हाचे रक्ताचे नमुने कोणीतरी नीट चिठ्ठ्या लावून गोठवून ठेवले होते. त्या बाटल्या बाहेर काढल्या आणि दोन्ही जुनी कोडी सुटली. एकाने गावोगाव फिरून नमुना आणायचा, दुसऱ्याने तो जपायचा आणि ओळखायचा. दोघेही शिकलेले हवेत, आणि साथ येण्याआधी शिकलेले हवेत.

१९९४ साली भारतात अडले ते इथेच. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सापडले, मग सुरत. हा खरोखर प्लेगच का, यावर डॉक्टरांत आणि शास्त्रज्ञांत कितीतरी दिवस वाद चालला, कारण त्या जंतूची खात्रीने ओळख पटवणारे हात आणि प्रयोगशाळा फार थोड्या होत्या. जनुकीय चाचण्यांनी पुढे तो प्लेगच ठरवला, पण तोवर अफवांनी आपले काम केले होते. नंतर चेन्नईत २००१ साली क्षेत्रीय साथरोगशास्त्राचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि २०१२ मध्ये दिल्लीत सीडीसीच्या साहाय्याने 'इंडिया ईआयएस'. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था तर १९५२ पासूनची, तीही रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने उभी राहिलेली. जानेवारी २०२० मध्ये भारतातल्या पहिल्या कोविड रुग्णाचे निदान याच संस्थेत झाले.

अमेरिकेत प्रयोगशाळेच्या माणसांना ईआयएससारखे स्वतःचे प्रशिक्षण मिळायला २०१५ साल उजाडले. आदल्या वर्षी सीडीसीच्याच प्रयोगशाळांत अँथ्रॅक्स आणि बर्ड फ्लूच्या जंतूंबाबत गंभीर हयगय झाली होती. त्यानंतर 'लॅबोरेटरी लीडरशिप सर्व्हिस' निघाली. तीही दोन वर्षांची, पण पीएचडी झालेल्यांसाठी. आपल्या मुलांपैकी जी जीवशास्त्रात पुढे जात आहेत त्यांनी हे नाव जरूर लक्षात ठेवावे. ईआयएसमध्येही आता नुसते डॉक्टर नसतात. पशुवैद्य, परिचारिका, शास्त्रज्ञही असतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या नोकरकपातीत ईआयएसच्या पहिल्या वर्षाच्या तुकडीवर कुऱ्हाड येणार अशी बातमी होती. ती वाचली, पण प्रयोगशाळेच्या प्रशिक्षणार्थींना पत्रे गेली. बूट दिसतो, बाटली दिसत नाही, तसलाच हा प्रकार. मार्चमध्ये सीडीसीने सुमारे १८० जणांना परत बोलावले आणि त्यात हे प्रशिक्षणार्थीही होते.