मैदा आपला, भट्टी त्यांची

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरात एक दुपार ठरलेली असायची. आजी परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन बसायची आणि तळहाताने फेसत राहायची. दोन वाट्या मैद्याला एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, मूठभर रवा, चिमूटभर सोडा, वेलदोड्याची पूड. पाण्याचा एक थेंबही नाही. आम्ही मुलं आदल्या दिवशी बेकरीतून काळे पत्र्याचे ट्रे आणून ठेवायचो. नानकटाया वळून झाल्या की ते ट्रे फडक्याने झाकायचे आणि दोघादोघांनी धरून बेकरीत न्यायचे.

बेकरीवाले चाचा ट्रे घेऊन ‘तासाभराने या’ म्हणायचे. तासाभराने घरचा डबा भरून परत. त्या डब्यातली पहिली नानकटाई देवापुढे जायची, दुसरी आजी खायची.

पण त्याच बेकरीतला पाव आजीने जन्मात तोंडात घातला नाही.

भट्टी तीच, हात तेच. मी एकदा विचारलं, “आजी, मग पाव का नको?” ती म्हणाली, “नानकटाईतला मैदा आपला असतो ना!”

हे उत्तर मला तेव्हा गंमतशीर वाटलं होतं. आज वाटतं, त्या एका वाक्यात महाराष्ट्रातल्या भाजलेल्या पिठाचा दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

आपल्या स्वयंपाकघरात भाजणं होतं, पण ते तव्यावर किंवा निखाऱ्यांवर. बंद भट्टी आणि फुगवलेलं पीठ या गोष्टी पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आल्या. गोव्याच्या पोदेरांनी ताडी घालून पीठ आंबवलं आणि पाव केला. पुढे मुंबईत गोव्याचे ख्रिस्ती, मग इराणी, मग उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान कारागीर भट्ट्या चालवू लागले. म्हणजे पाव आला तो पहिल्यापासून ‘त्यांच्या’ हातचा. जातीच्या हिशोबात त्याचा अर्थ सरळ होता: तो खाल्ला की बाटलात.

म्हणूनच तो खाणं हे बंडही ठरलं. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा हा तिचा हेतू, पण सगळा कारभार गुप्त. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाने आणलेलं पाणी प्यायचं. विचार करा, आज आपण वडापाव खाताना चटणीचा विचार करतो. ही तरुण मुलं एक घास घेताना घर सुटेल का, याचा विचार करत होती. १८६०मध्ये सभेचे कागद चोरीला गेले. नावं उघड होणार या भीतीनेच सभा मोडली.

त्यानंतर तीस वर्षांनी, ऑक्टोबर १८९०मध्ये, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. नंतर चहा आणि बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता हातात धरून खाली ठेवला. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि गावात ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही शेवटी मित्रांसाठी प्रायश्चित्त घेतलं, आणि त्याचा त्रास घरात किती झाला हे रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

पुरुषांच्या बशीतल्या बिस्किटाचा इतिहास असा वर्तमानपत्रांत, सभांत, धर्मपीठांत सापडतो. बायकांनी घरात भाजलेल्या पिठाचा मात्र कागदपत्रांत सहज सापडत नाही. तो शोधायचा तर भांडी बघावी लागतात.

मुंबईच्या पाठारे प्रभूंकडे भानोळं करतात. कोबी आणि कोळंबीचा हा पदार्थ पातेल्यात घालून खाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून भाजला जायचा. ओव्हन म्हणजे तरी वेगळं काय? वरून आणि खालून आच! याच समाजातल्या लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली ‘गृहिणी-मित्र’ हे हजार पाकक्रियांचं पुस्तक लिहिलं. पुढे १९७०मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने नवख्या मुलीही स्वयंपाक करू लागल्या.

मधल्या काळात आजीसारख्या बायकांनी आपली वाट काढली होती. सोवळ्याओवळ्यात पाणी लागलेलं अन्न लवकर ‘बिघडायचं’. दुधातुपात भिजवलेलं चालायचं. म्हणून तर प्रवासाला दशमी दुधात भिजवत. नानकटाईत पाणी नाही. पीठ आपलं, तूप आपलं, वळणारे हात आपले. उरली ती फक्त आच, आणि अग्नी कुणाचा असला तरी शुद्धच! मला वाटतं, आजीचा हिशोब असा होता. तिने नियम मोडला नाही, त्याला बगल दिली. पण ती बगलही अर्धीच होती. चाचांची भट्टी तिला चालली, चाचांचं पीठ चालत नव्हतं. हे सांगताना मला आजही संकोच वाटतो.

वर्षाचं खाणं भरून ठेवायचं शास्त्र तिला कुणी शिकवायला नको होतं. त्याच महिन्यात गच्चीवर वाळवणं असायची. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजायचे, मग त्यांचा चीक, मग पहाटे उठून तो शिजवणं. पापड, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या. फ्रीझर नव्हता, तेव्हा ऊन होतं. भारतात बनलेला पहिला फ्रिज गोदरेजने १९५८मध्ये आणला, पण सामान्य घरात तो पोचायला पुढची कित्येक वर्षं गेली. आला तेव्हा त्याच्या वरच्या कप्प्यात हिवाळ्यात सोललेले मटार, खवलेला नारळ आणि पावसाळ्यासाठी आमरस जाऊन बसला. यंत्र नवं होतं. मटार सोलणारे हात जुनेच.

१९५९पासून भारतीय बनावटीचे प्रेशर कुकर मिळू लागले आणि मग कुकरमधल्या केकची युक्ती निघाली. तळाला वाळू किंवा मीठ, पाणी नाही, रिंग आणि शिट्टी काढलेली, मंद आच. आईने पहिला केक असाच केला. आता पीठही आपलं आणि आचही आपली. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर बघून आपण सगळ्यांनी हेच केलं आणि आपल्याला काहीतरी नवं सापडलं असं वाटलं.

घरात भट्टी आली हे चांगलंच झालं. पण ट्रे घेऊन बेकरीत जाणं संपलं आणि त्याबरोबर आमचा एक खेळही संपला.

नानकटाया वळताना आजी आम्हाला एकेक गोळा द्यायची. पोळ्यांच्या वेळी कणकेचा मिळायचा, तसाच. विकतची खेळणी फारशी नव्हती. भातुकलीची बोळकी, चुरमुरे-गूळ आणि हा गोळा. मी त्याची चिमणी करायचो. डोळ्याला मिरीचा दाणा. ती ट्रेच्या कोपऱ्यात बसून बेकरीत जायची. भट्टीत पसरून ती चिमणीपेक्षा बेडकासारखी दिसायची, पण चाचा ती वेगळी काढून माझ्या हातावर ठेवायचे.

चाचांचा मुलगा माझ्याच वयाचा. ट्रे येईपर्यंत आम्ही दोघं सरपणाच्या ढिगावर बसायचो. चिमणी एकच, खाणारे दोन. मग शर्टाचं टोक तिच्यावर धरायचं आणि चिमणीच्या दातांनी तोडायचं, म्हणजे ती उष्टी होत नाही. शाळेत चिंच-आवळ्यासाठी आम्ही सगळे तेच करायचो. मोठ्यांच्या विटाळाच्या नियमाला मुलांनी शोधलेली ही पळवाट. आजीने शोधली होती तशीच, पण आमच्या वाटेत मैदा कुणाचा हा प्रश्न नव्हता.

जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. शहराच्या हवेसाठी ते हवंच. आमच्या गावची बेकरी त्याच्या कितीतरी आधी बंद झाली. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे.

गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीने ओव्हनमध्ये नानकटाई केली. मी एक गोळा मागून घेतला. मिरीचा दाणा घरात होताच.