भायखळ्याचे संग्रहालय आणि घारापुरीचा हत्ती

मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. त्याचा उगम एखाद्या राजघराण्याच्या संग्रहातून झालेला नसून परदेशी धाडावयाच्या मालाच्या नमुन्यांतून झाला, आणि व्यापारावर वाढलेल्या बंदराच्या शहराला हे साजेसेच होते. १८५५ साली पॅरिसमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी पश्चिम भारतातील शेतमाल व कारागिरीच्या वस्तूंचे जे नमुने गोळा करण्यात आले, त्यांचा दुसरा संच मुंबईतच ठेवून कोटातील बराकींत एक छोटे संग्रहालय मांडण्यात आले. १८५७ च्या उठावात लष्कराला ती जागा हवी झाल्याने हा संग्रह घाईघाईने हलवला गेला आणि त्याची मोठी नासधूस झाली. उरलेल्या वस्तूंना नवे घर मिळावे म्हणून जे झटले, त्यांत वनस्पती व हस्तकला यांचे अभ्यासक डॉ. जॉर्ज बर्डवुड, जगन्नाथ शंकरशेठ आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांची नावे प्रथम घ्यावी लागतात.

कंपनीचे राज्य जाऊन राणीचा अंमल सुरू झाला, तेव्हा त्या निमित्ताने नागरिकांच्या वर्गणीतून व्हिक्टोरिया व आल्बर्ट यांच्या नावाचे संग्रहालय बांधण्याचे ठरले. १८६२ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी कोनशिला बसवली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या तेजीचे ते दिवस होते. परंतु १८६५ मध्ये तेजी ओसरून पेढ्या बुडाल्या, तसा वर्गणीचा ओघ आटला आणि अखेर सरकारला खर्च उचलून काम तडीस न्यावे लागले. २ मे १८७२ रोजी इमारत लोकांना खुली झाली. नाव राणीचे असले तरी ती उभी राहण्यामागे शहराची पुंजी आणि शहरातील विद्वानांची चिकाटी होती. म्हणूनच १९७५ मध्ये तिला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले, तो उशिराने झालेला न्यायच म्हटला पाहिजे. वैद्यकीचा व्यवसाय सांभाळून प्राचीन शिलालेख वाचणारा हा पंडित इमारत पूर्ण झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये, निवर्तला.

विसाव्या शतकाच्या आरंभी येथे निरनिराळ्या जातीजमातींच्या व धंद्यांच्या लोकांच्या मातीच्या प्रतिकृती आणि डायोरामा, म्हणजे एखादे दृश्य लहान आकारात उभे करणारे देखावे, मांडण्यात आले. अक्षरओळख नसलेल्यालाही ते समजत असत. पुढे १९२२ मध्ये दक्षिण मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, लोकांना खुले झाले. कला व पुरातत्त्व यांचा तेथील संग्रह निःसंशय अधिक समृद्ध आहे. पण बागेत फिरायला आलेल्या कुटुंबाने सहज आत शिरावे, ही सोय भायखळ्यालाच होती. दुर्लक्षामुळे जीर्ण झालेल्या या वास्तूचे जतनकाम २००३ पासून महापालिका, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून केले, व २००८ मध्ये ती पुन्हा खुली झाली.

बागेत आणखी एक मोलाचा अवशेष आहे. घारापुरी बेटावर धक्क्याजवळ एक प्रचंड पाषाणी हत्ती होता आणि त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला. त्याचे तुकडे राणीच्या बागेत आणून ठेवण्यात आले आणि १९१४ च्या सुमारास ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. स्वातंत्र्यानंतर काळा घोडा या नावाने ओळखला जाणारा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही, इतर काही ब्रिटिशकालीन पुतळ्यांप्रमाणे, याच बागेत हलवला गेला. त्या पुतळ्यांचा मूळ संदर्भ तुटला तरी फारसे बिघडत नाही, कारण ते ज्या सत्तेसाठी उभारले गेले ती सत्ताच उरली नाही. हत्तीचे मात्र तसे नाही. गेटवेवरून लाँचने घारापुरीला जाणारे प्रवासी शैव लेणी व तेथील महेशमूर्ती पाहून परततात, पण ज्याच्यामुळे बेटाला परकी नाव पडले तो हत्ती पाहायचा असेल, तर त्यांना भायखळ्यालाच यावे लागते.