अकाली निमालेला गोलवीर : नेव्हिल डिसोझा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विसर्जन झाले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले. आपले शहर, तेव्हाचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर, त्या दिवशी हैदराबादचा निरोप घेऊन मुंबईशी जोडले गेले. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर रोजी, मेलबोर्न येथील ऑलिंपिकमध्ये हैदराबादच्या एका शिक्षकाने घडविलेल्या भारतीय संघातून मुंबईच्या एका तरुणाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. शिक्षकाचे नाव सय्यद अब्दुल रहीम. तरुणाचे नेव्हिल डिसोझा. रहीमसाहेब वयाच्या ५३ व्या वर्षी गेले, नेव्हिल ४७ व्या. अकाली मृत्यू माणसाच्या आयुष्याबरोबर इतिहासातील त्याची जागाही कशी आकसून टाकतो, हे या दोघांच्या, विशेषतः नेव्हिलच्या, उदाहरणावरून पाहण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

नेव्हिलचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ चा. मूळ गाव बार्देशातील आसगाव. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचा अंमल होता. पोटापाण्यासाठी मुंबई गाठणारे गोमंतकीय ख्रिस्ती जहाजांवर, बँडपथकांत, स्वयंपाकघरांत आणि कचेऱ्यांत राबत. धोबीतलावच्या परिसरात गावोगावच्या 'कुडी' होत्या. तेथे पथारी पसरायला जागा मिळे आणि सायंकाळी वेदीपुढे रोझरीची प्रार्थना होई. या समाजाने मुंबईच्या फुटबॉलला अनेक खेळाडू दिले. त्या काळी खेळ हा स्वतंत्र व्यवसाय नव्हता. कंपन्या, रेल्वे, पोलीस यांचे संघ असत. खेळाडूला नोकरी मिळे आणि कूपरेजच्या मैदानावर तो मालकाच्या नावाने खेळे. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळला. चेंडू गोलजाळ्यात धाडण्याची हातोटी हीच त्याची ओळख होती.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला होता. त्या सामन्यात आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळले होते. या मानहानीनंतर बूट अनिवार्य झाले. रहीमसाहेबांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय संघ मेलबोर्नला गेला.

तेथे पहिली लढत हंगेरीशी व्हायची होती. परंतु त्या वर्षी सोव्हिएत रणगाड्यांनी तेथील उठाव चिरडला होता. हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली. उपांत्यपूर्व सामन्यात भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. त्यांपैकी तीन गोल नेव्हिलचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यानेच केला. काही क्षण भारत आघाडीवर होता. पुढे मात्र ४-१ अशी हार पत्करावी लागली. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० ने मात केली. चार गोल करणारा नेव्हिल त्या स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक होता. भारताचा तो चौथा क्रमांक ऑलिंपिक फुटबॉलमधील आपली आजवरची सर्वोच्च कामगिरी आहे.

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला; पहिल्याच वर्षी तो फुटबॉलसाठी मेलबोर्नच्याच संघातील पी. के. बॅनर्जी यांना मिळाला. १९९० मध्ये त्यांना पद्मश्रीही लाभली आणि ते २०२० पर्यंत जगले. संघनायक समर बॅनर्जी यांचे निधन २०२२ मध्ये झाले. मेलबोर्नची कथा पुढच्या पिढ्यांनी ऐकली ती अशा दीर्घायुषी सोबत्यांच्या तोंडून. नेव्हिलला अर्जुन पुरस्कार मिळाला नाही. १६ मार्च १९८० रोजी मुंबईत त्याचे देहावसान झाले, तेव्हा रंगीत दूरचित्रवाणी आणि दिल्लीचे आशियाई सामने दोन वर्षांवर होते. जुन्या खेळाडूंना कॅमेऱ्यासमोर बसवून आठवणी विचारण्याचे दिवस यायचे होते. ते आले तेव्हा उत्तर द्यायला तो नव्हता. रहीमसाहेबांचेही तसेच झाले. १९६२ मध्ये जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळवून देऊन ११ जून १९६३ रोजी ते कर्करोगाने गेले. 'मैदान' या चित्रपटाने त्यांचे नाव घराघरांत नेले ते २०२४ मध्ये, मृत्यूनंतर ६१ वर्षांनी.

यावरून इतिहासाचा एक पक्षपात ध्यानी येतो. जो टिकतो त्याची साक्ष नोंदली जाते. जो लवकर जातो तो आकडेवारीत उरतो. नेव्हिलचे चार गोल कोणी पुसू शकत नाही. पण पहिल्या गोलाच्या वेळी त्याच्या मनात काय होते, रहीमसाहेबांनी त्याच्या कानात काय सांगितले होते, ते त्याच्या तोंडून ऐकण्याची संधी १९८० मध्येच संपली.

आम्हा धर्मगुरूंच्या दफन नोंदवहीत मृताचे नाव, वय आणि तारीख असते. ती नोंद अचूक असते. पण ती तेथेच थांबते. उरलेले आयुष्य लिहिण्याचे काम जिवंत माणसांचे आहे. आपल्या धर्मग्रामांतही एके काळी मैदान गाजविलेले पुरुष आणि स्त्रिया आहेत. नोव्हेंबरात मृतांसाठी मिस्सा अर्पण करताना आपण त्यांची नावे वाचतोच. त्याआधी, ते आपल्यात असतानाच, एखाद्या सायंकाळी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे, जुनी छायाचित्रे काढायला सांगावीत आणि त्यांच्या मागे तारखा लिहून ठेवाव्यात. हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखे नाही.