रिळावरचा धागा

इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत मी एक समज पक्का करून घेतला होता: डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला कोड. त्याच भरवशावर गेल्या वर्षी हौसेने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. लाल रक्तपेशी घडवणारी जनुकं चालू करणारं 'गाटा-१' हे प्रथिन जी-ए-टी-ए ही अक्षरं ओळखून डीएनएवर बसतं. त्या जागा शोधायच्या होत्या. हिशोब सरळ होता. चार अक्षरांचा शब्द सरासरी २५६ अक्षरांत एकदा येणार. ३०० कोटी अक्षरांत साधारण सव्वा कोटी वेळा. प्रत्यक्षात प्रथिन त्यातल्या अगदी थोड्या जागी बसतं. माझ्या प्रोग्रॅममध्ये बग नव्हता, समजुतीत होता.

हीच चूक विज्ञानानेही बराच काळ केली, हे नंतर वाचताना कळलं. १८८४ साली आल्ब्रेख्ट कोसेल यांना पक्ष्यांच्या रक्तपेशींत हिस्टोन ही प्रथिनं सापडली. १९७४ मध्ये रॉजर कोर्नबर्ग यांनी त्यांची रचना मांडली: आठ हिस्टोनांचं एक रीळ आणि त्यावर गुंडाळलेला डीएनए. एका रिळावर सुमारे १४७ अक्षरजोड्या, जेमतेम पावणेदोन वेढे. दोन मीटर लांबीचा धागा काही मायक्रॉनच्या केंद्रकात मावतो तो असा. हिस्टोनांवरच्या रासायनिक खुणांचा जनुकांशी संबंध असावा, असं व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्येच सुचवलं होतं. तरी अनेकांच्या लेखी रीळ म्हणजे निव्वळ बांधाबांधीचं सामान होतं.

१९८८ मध्ये मिन हान आणि मायकेल ग्रुनस्टाइन यांनी यीस्टमध्ये एका हिस्टोनाचं उत्पादनच थांबवलं. रिळं कमी झाली आणि एरवी बंद असणारी काही जनुकं कुठलाही संदेश न मिळता चालू झाली. म्हणजे रीळ नुसतं सामान नव्हतं, ते जनुकांना गप्प बसवत होतं. वेढ्यात दडलेली अक्षरं बहुतेक प्रथिनांच्या हाती लागत नाहीत. पुढे केनेथ झारेट यांच्या गटाने यकृताच्या घडणीतलं 'फॉक्स-ए' हे प्रथिन अभ्यासलं. ते मात्र घट्ट गुंडाळलेल्या डीएनएवरही बसतं आणि इतरांसाठी वाट मोकळी करतं.

रक्तपेशी आणि यकृतपेशी यांच्यातला कोड एकच. कुठला भाग उघडा, कुठला गुंडाळलेला, हे मात्र वेगळं. माझा प्रोग्रॅम अजून आहे. फक्त शोध सुरू करण्याआधी तो आता एक प्रश्न विचारतो: कोणत्या पेशीतला डीएनए?