ईस्टर

ईस्टर किंवा पुनरुत्थानाचा सण हा ख्रिस्ती धर्मातील सर्वांत महत्त्वाचा सण होय. क्रुसावर मृत्यू पावलेला येशू ख्रिस्त तिसऱ्या दिवशी मृतांतून उठला, या श्रद्धेवर तो आधारलेला आहे. नाताळ अधिक परिचित असला, तरी ईस्टर हा त्याहून जुना सण असून दुसऱ्या शतकापासून तो पाळला जात असल्याचे उल्लेख मिळतात. अनेक भाषांतील त्याचे नाव ‘पेसाह’ या हिब्रू शब्दावरून, म्हणजे यहुद्यांच्या वल्हांडण सणावरून आले आहे.

श्रद्धेचा आशय

पुनरुत्थानाविषयीचा सर्वांत जुना लिखित उल्लेख शुभवर्तमानांत नसून पौलाच्या पत्रांत आहे. इ.स. ५५ च्या सुमारास करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात, आपल्याला मिळालेली साक्षच आपण पुढे देत आहोत, असे तो म्हणतो. ख्रिस्त उठला नसेल, तर आपला उपदेश आणि श्रोत्यांचा विश्वास दोन्ही व्यर्थ ठरतात, अशी त्याची भूमिका आहे. एखाद्या धर्माच्या आद्य प्रचारकाने आपले सर्वस्व एका घटनेवर इतक्या उघडपणे पणाला लावावे, हे लक्षणीय आहे.

चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरीचा वृत्तान्त येतो. मात्र पुनरुत्थानाच्या प्रत्यक्ष क्षणाचे वर्णन एकातही नाही. कबरीकडे गेलेल्या स्त्रियांची संख्या व इतर तपशील यांत फरक आढळतो, परंतु मग्दालिया मरीयेचा उल्लेख सर्वत्र आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या प्रती तर स्त्रिया भयभीत होऊन पळून गेल्या, येथेच संपतात.

भारतीय वाचकाने पुनरुत्थान व पुनर्जन्म यांत गल्लत करू नये. पुनर्जन्मात आत्मा नवा देह धारण करतो. पुनरुत्थानात तोच मनुष्य रूपांतरित देहासह, पुन्हा मृत्यू न येणाऱ्या जीवनात प्रवेश करतो. म्हणूनच येशूने जिवंत केलेल्या लाजरसाची कथा वेगळी मानली जाते, कारण लाजरसाला पुढे मरण होतेच. ख्रिस्ताचे उठणे हे सर्व मृतांच्या भावी पुनरुत्थानाचे प्रथमफळ होय, असे पौल मानतो.

विसाव्या शतकात रुडॉल्फ बुल्टमान या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने पुनरुत्थानाचा अर्थ शिष्यांच्या मनात जागृत झालेल्या विश्वासात शोधला. वोल्फहार्ट पॅननबर्ग यांनी मात्र ती इतिहासात घडलेली घटना असल्याचे प्रतिपादन केले. हा वाद आजही चालू आहे.

तिथी

इ.स. ३२५ च्या निकाया परिषदेने सर्व मंडळ्यांनी हा सण एकाच रविवारी पाळावा असे ठरवले. रूढ नियमानुसार २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार हा ईस्टर होय. ही पौर्णिमा चर्चच्या गणितातली असते, आकाशातली नव्हे. पाश्चात्त्य चर्चमध्ये ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान येतो. बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्च ज्युलियन गणना वापरत असल्याने त्यांचा सण बहुधा नंतर येतो. २०२५ मध्ये मात्र दोन्ही २० एप्रिललाच आले.

उपासना

ईस्टरपूर्वी ४० दिवसांचा उपवासकाळ पाळतात. कॅथलिक परंपरेत शनिवारी रात्री जागरविधी होतो: अंधारात नवा अग्नी पेटवून त्यावर पास्खाची मोठी मेणबत्ती लावली जाते, तिच्यावरून उपासकांच्या मेणबत्त्या पेटतात आणि नवदीक्षितांना बाप्तिस्मा दिला जातो. मराठीत ही कथा प्रथम विस्ताराने आणली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) या ओवीबद्ध ग्रंथाच्या दुसऱ्या भागात येशूचे चरित्र आले आहे.